‘ग’ गाडीची नोंद

राहुरकरबद्दल काही चांगलं लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही. समोर असताना मी त्याला नेहमी ‘अहो राहुरकर’ म्हणालो, आणि तोही मला ‘आपण’ म्हणत असे. पुण्यात एकमेकांचा मनापासून राग करणारी माणसंही ही पद्धत सोडत नाहीत. पण लिहिताना मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. तेवढी मोकळीक मला हवी आहे.

आमची सोसायटी सातारा रस्त्याला लागून, धनकवडीच्या अलीकडे. अठ्ठावीस बिऱ्हाडं. आम्ही राहायला आलो तेव्हा खाली दोन गाड्या होत्या, त्यातली एक बाराही महिने ताडपत्रीखाली. मग देशाचे दरवाजे उघडले, परदेशी कंपन्या आल्या, बँका कर्ज द्यायला घरी येऊ लागल्या, आणि बघता बघता स्कूटरच्या जागेवर पांढरे पट्टे मारून गाड्यांच्या जागा आखाव्या लागल्या. त्याच सुमारास चिंचवडच्या एका कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. तिथल्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेला राहुरकर बावन्नाव्या वर्षी घरी बसला. काम संपलं, तपासणी संपली नाही. ती आमच्याकडे सुरू झाली.

दर रविवारी सकाळी सात वाजता तो खाली उतरायचा. इस्त्री केलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात घडी घातलेलं पोतं, बॅटरी आणि दंतवैद्याकडे असतो तसा, पण तळहाताएवढा, काठीवर बसवलेला आरसा. पोतं टाकून गुडघ्यावर बसायचा आणि एकेका गाडीच्या पोटाखाली आरसा सरकवून बघायचा. मालकाला विचारणं वगैरे नाही. शनिवारी संध्याकाळी काही गाड्यांखाली वर्तमानपत्राची पानं पसरून ठेवायचा आणि सकाळी त्यावर तेलाचा डाग पडलाय का, केवढा, ते पट्टीनं मोजायचा. काचेतून आत डोकावून किलोमीटरचा आकडा टिपायचा. आठवड्याच्या दिवशी सकाळी लोक कामाला निघाले की तो गॅलरीत उभा. कुणाची गाडी कितव्या प्रयत्नाला सुरू झाली, हे कानानं ऐकायचा आणि आत जाऊन लिहायचा.

हे सगळं तो लांबड्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहीत असे. दर वर्षाला एक वही. कंपन्यांची नावं त्यात कुठेच नव्हती. कंपन्यांना त्यानं अक्षरं दिली होती – क, ख, ग, घ. मी एकदा विचारलं, “नावं का लिहीत नाही?”

“नाव लिहिलं की माणूस बाजू घेतो,” तो म्हणाला. “अक्षराची बाजू कुणी घेत नाही.”

त्याचं म्हणणं असं, की गाडी कुठल्या कंपनीची चांगली हे दहा वर्षांच्या आत कुणालाच सांगता येत नाही. मासिकात लिहिणारे लोक तीन दिवस चालवून लिहितात. “तीन दिवसांत सासरही चांगलंच वाटतं,” तो म्हणायचा. त्याच्या वह्यांप्रमाणे ‘क’ कंपनीची गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, पण अकराव्या वर्षीही पहिल्या किल्लीला सुरू होणारी. ‘ख’ दिसायला देखणी, रंग चकचकीत, आणि पाचव्या वर्षापासून वायरींची दुखणी. ‘घ’चं इंजिन मरत नाही, त्याच्याभोवतीचं बाकी सगळं गळून पडतं. ‘ग’ परदेशी, भरभक्कम, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. ती कंपनी चार-दोन वर्षांत इथला गाशा गुंडाळून निघून गेली, आणि पुण्यात तिच्या गाड्या फार थोड्या राहिल्या. ‘ग’बद्दल राहुरकरकडे काहीच नोंद नव्हती. ही गोष्ट त्याला दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी छळायची.

मी पहिली गाडी घेतली ती ‘ख’. मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकवत होतो. गाडी ही आमच्या घराण्यातली पहिली. बायकोनं ओवाळलं आणि आम्ही घरोघरी पेढे वाटत राहुरकरच्या दारात गेलो. दार त्यानंच उघडलं. पेढ्याकडे बघितलं, घेतला नाही.

“सात वर्षांनी परत आणा,” तो म्हणाला. “तेव्हा खाईन.”

माझी बायको ताट घेऊन तशीच उभी राहिली. आतून राहुरकरवहिनी लगबगीनं आल्या, एक पेढा उचलला, तोंडात टाकला, दुसरा उचलून देवापुढे ठेवते म्हणाल्या आणि रंग छान आहे हो, असंही म्हणाल्या. त्यांचं आयुष्य असं त्याच्या मागून लगबगीनं येण्यात गेलं.

पाचव्या वर्षी, ऐन दिवाळीत, सगळं कुटुंब आत बसलेलं असताना माझी गाडी सुरू होईना. वायरिंग जळलं होतं. मी बॉनेट उघडून उभा होतो, वर बघितलं तर गॅलरीत राहुरकर. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आत गेला. हसला असता तरी चाललं असतं. तो फक्त वेळ लिहून घ्यायला गेला.

आणि तरीही आम्ही त्याच्याकडे जात होतो. हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी चार जण त्याच्या बाहेरच्या खोलीत बसून ऐकत असायचो. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरनं घेतलेली गाडी किती दिवस टिकेल, समोरच्या डॉक्टरांच्या गाडीचा क्लच कधी जाईल. दुसऱ्याच्या गाडीबद्दल त्याचं कडू बोलणं ऐकायला आम्हाला मजा येत होती. आपली पाळी आली की राग यायचा.

मग करंदीकरबाईंची गाडी विकण्याचा प्रसंग आला. करंदीकर अचानक गेले. बाईंना गाडी चालवता येत नव्हती, आणि मुलीकडे बडोद्याला कायमचं जायचं ठरलं होतं. फ्लॅट भाड्यानं दिला, सामान बांधून झालं, राहिली होती फक्त गाडी. मांजरी गावाहून एक गिऱ्हाईक आलं. उसाच्या जमिनीवर इमारती झाल्या, हातात पैसा आला, पहिली गाडी घ्यायची, असा साधा, हसतमुख माणूस. बरोबर त्याचे म्हातारे वडील, डोक्याला फेटा. दोघांनी गाडीभोवती चक्कर मारली, आत बसून बघितलं. म्हातारा सीटवरून हात फिरवून म्हणाला, “झ्याक हाय. घेऊन टाक.”

बाई खुर्ची टाकून खाली बसल्या होत्या. व्यवहार झाल्यातच जमा होता. तेवढ्यात राहुरकर वही घेऊन खाली उतरला.

“आपण ही घेताय का?” त्यानं विचारलं.

“व्हय. तुम्ही मालक का?”

“नाही. शेजारी.” आणि त्यानं वही उघडून वाचायला सुरुवात केली. कुठल्या महिन्यात पाणी गळलं, कुठल्या महिन्यात गिअर अडकला, इंजिन किती तापतं, तेल किती पितं. दहा मिनिटं वाचत होता. एक अक्षर खोटं नव्हतं. मांजरीचा माणूस हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात घेत ऐकत राहिला. मग बाईंकडे बघून म्हणाला, “ताई, तुम्ही म्हनला गाडी चांगली हाय.”

“हे म्हणायचे चांगली आहे,” बाई म्हणाल्या. ‘हे’ म्हणजे करंदीकर, जाऊन दोन महिने झाले होते. “मला त्यातलं काही कळत नाही हो.”

तो माणूस किल्ली खुर्चीच्या हातावर ठेवून गेला. म्हातारा जाताना बाईंना नमस्कार करून गेला. बाई तिथेच बसून रडल्या. माझ्या बायकोनं त्यांना धरून वर नेलं. मी राहुरकरला म्हणालो, “अहो, गरज होती का याची?”

“मी खोटं बोललो?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग कसं म्हणताय आपण?” त्यानं वही मिटली. “तो माणूस त्या गाडीत आपल्या बापाला बसवणार होता.”

उत्तर नसलं की राग वाढतो, तसा माझा वाढला. मी त्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पुढच्याच सभेत विषय घेतला. सगळ्यांचीच काही ना काही तक्रार होती, वीस हात वर झाले. मी सोसायटीच्या कागदावर टंकून पत्र तयार केलं: यापुढे कोणत्याही सभासदाच्या वाहनासंबंधी आपण कोणासही, मालकाससुद्धा, मतप्रदर्शन करू नये. खाली माझी सही. ‘मालकाससुद्धा’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. मला त्या दिवाळीची आठवण होती.

राहुरकरनं पत्र दारातच वाचलं. “पोच देऊ का?” म्हणाला, आणि सही करून दिली. त्या दिवसापासून तो कुणाच्या गाडीबद्दल एक शब्द बोलला नाही. रविवारचं पोतं, बॅटरी, आरसा चालू राहिलं. तेवढी मनाई पत्रात नव्हती.

पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीत ढोटे राहायला आले. प्रशांत ढोटे मूळ वर्ध्याचा, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. बायको गौरी, आणि गावाहून आणलेली आई. वडील लहानपणीच गेलेले, आईनं शाळेत शिपायाची नोकरी करून मुलाला शिकवलं होतं. ढोटेकाकू महिन्याभरात सगळ्या जिन्याच्या झाल्या. कुणाच्याही दारात उभ्या राहून ‘काय करून राहिली बाई?’ म्हणून सरळ स्वयंपाकघरात यायच्या. पुण्यात असं कुणी येत नाही, त्यामुळे आधी सगळे दचकले आणि मग त्यांची वाट बघू लागले.

प्रशांतनं कुणा मित्राकडून जुनी गाडी घेतली. ती ‘ग’ होती.

ती फाटकातून आत आली तेव्हा राहुरकर गॅलरीत होता. मी त्याला जिना उतरून येताना बघितलं. इतक्या वेगानं तो कधी उतरला नव्हता. गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून लावून बघायची परवानगी मागितली. होय, मागितली. तिजोरीसारखा तो आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. प्रशांतला वाटलं, काकांना आपली गाडी आवडली.

प्रशांत त्याला ‘सर’ म्हणू लागला. त्याच्या वह्या बघून तो पोरगा थक्क झाला होता. “सर, असा डेटा कंपन्यांकडेपण नसेल,” म्हणाला. आणि शनिवार-रविवार बसून त्यानं एकेक वही संगणकात भरायला घेतली. आठ-नऊ महिने लागले. आलेख काढले. कुठल्या कंपनीची गाडी कितव्या वर्षी काय मागते, हे रंगीत रेघांत एका पानावर दिसायला लागलं. मग त्यानं ते गाड्यांच्या शौकिनांच्या एका संकेतस्थळावर टाकलं. बंगळूरहून, दिल्लीहून लोक प्रश्न विचारू लागले. प्रशांत ते छापून आणायचा, राहुरकर शाईच्या पेननं उत्तरं लिहायचा, प्रशांत ती पुन्हा टाईप करायचा. कारखान्यात तीस वर्षांत ज्याला कुणी चहाला बोलावलं नसेल, त्याला अनोळखी माणसं ‘आदरणीय’ लिहू लागली. सगळ्यांचा शेवटी एकच प्रश्न असायचा: ‘ग’ची रेघ तुमच्या आलेखात अर्धीच का?

“पूर्ण होईल,” राहुरकर म्हणायचा. “वेळ लागतो.”

चालू वर्षाची वही मात्र तो प्रशांतला देत नसे. वर्ष संपल्यावर मिळेल, म्हणायचा.

ढोटे मंडळी एकदा साताऱ्याजवळच्या एका लग्नाला गेली होती. येताना काकूंना जुन्या घाटातून यायचं होतं, बोगद्यात त्यांना गुदमरल्यासारखं व्हायचं. दुपारी तीनचा सुमार. कात्रजचा घाट उतरताना प्रशांतनं ब्रेकवर पाय दिला तर पायाखालचं पेडल खाली जात राहिलं. गाडीचा वेग थोडा कमी झाला, थांबली नाही. पुढे शाळेच्या मुलांची बस होती. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. त्याच्या कपाळाला टाके पडले, गौरीचं मनगट मोडलं. काकू मागे बसल्या होत्या. त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण हाड नीट धरलं नाही. आमचा जिना त्या पुन्हा कधी स्वतःच्या पायांनी चढल्या नाहीत. चार पायांचा वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं राहिलं.

गॅरेजवाल्यानं सांगितलं की मागच्या चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारी लोखंडी नळी गंजून फुटली. दोन दिवसांत झालेला गंज नव्हे, वर्षभराचा तरी असणार. गाडीखाली कुणी नीट बघितलं असतं तर दिसला असता.

हे शेवटचं वाक्य ऐकून मी सरळ राहुरकरच्या दारात गेलो. वहिनींनी दार उघडलं. तो टेबलाशी बसला होता.

“आपल्याला माहीत होतं?” मी विचारलं.

त्यानं काही लपवलं नाही. कपाटातून चालू वर्षाची वही काढली, पान उघडलं, माझ्यापुढे फिरवलं. सात महिन्यांपूर्वीची तारीख. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘ग. मागील डावी ब्रेक नळी, गंज. निरीक्षण चालू.’ त्याखाली दर रविवारची तारीख आणि गंजाची लांबी. दोन अंगुळं. अडीच. तीन.

मी खुर्चीवर बसलो.

“त्या पोराला एक शब्द सांगता आला नाही?”

त्यानं खण उघडला आणि एक कागद काढून वहीशेजारी ठेवला. सोसायटीचा कागद, माझी सही. “मालकाससुद्धा,” त्यानं वाचून दाखवलं. “आपलंच पत्र आहे, सेक्रेटरी.”

“राहुरकर, मी गाडीच्या रंगाबद्दल आणि किमतीबद्दल लिहिलं होतं. माणसाच्या जिवाबद्दल नव्हतं लिहिलं.”

“तसं पत्रात नाही.”

“त्या मांजरीच्या माणसाला तुम्ही ओळखतसुद्धा नव्हतात. त्याला सांगितलंत. आणि हा तुमच्या वह्या लिहून देतो, तुम्हाला सर म्हणतो.”

तो वहीच्या पानावरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. मला ते बघायचं होतं.

“सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी नळी बदलली असती,” तो अगदी हळू, समजावल्यासारखा म्हणाला. “मग ती मूळ नळी किती टिकते, ते कळलं नसतं. एकच ‘ग’ आहे हो आपल्याकडे.”

मागे स्वयंपाकघराच्या दारात राहुरकरवहिनी उभ्या होत्या. त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं आणि तशाच, घरातल्या साडीवर, चपला घालून बाहेर पडल्या. त्या थेट हॉस्पिटलात गेल्या, हे मला नंतर कळलं. पुढे काकू घरी आल्यावर वर्षभर रोज दुपारी त्या ढोट्यांकडे जात होत्या. काकूंचे पाय चोळून द्यायच्या, केस विंचरायच्या. नवऱ्याबद्दल एक अक्षर तिथे त्यांनी काढलं नाही आणि काकूंनीही काढू दिलं नाही.

मी त्या संध्याकाळी प्रशांतला सगळं सांगितलं. सांगू नये असं बायको म्हणत होती. प्रशांतनं ऐकून घेतलं, कपाळावरच्या पट्टीला हात लावला आणि म्हणाला, “काका, पत्र कधीचं होतं?” मी सांगितलं. त्याच आठवड्यात त्यानं संकेतस्थळावरून ते आलेख काढून टाकले. बंगळूर-दिल्लीची पत्रं थांबली. सोसायटीत राहुरकरशी बोलणं सगळ्यांनीच थांबवलं. मी तर सगळ्यांच्या आधी.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी मी ढोट्यांकडे बसलो होतो. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. दार वाजलं. गौरीनं उघडलं तर राहुरकर. इस्त्रीचा शर्ट, हातात वही. प्रशांत उभा राहिला. मला वाटलं, माफी मागायला आलाय, आणि प्रशांत त्याला ढकलून देणार.

राहुरकर आत आला नाही. उंबऱ्याशीच उभा राहून म्हणाला, “एक माहिती हवी होती. अपघात झाला तेव्हा गाडीचा आकडा किती होता? किलोमीटरचा. गाडी गॅरेजवाल्यानं भंगारात दिली, मला बघता आला नाही.”

प्रशांतच्या मुठी वळल्या होत्या, मी बघत होतो. त्याच्या आधी मीच उठून पुढे झालो. त्या माणसाच्या तोंडात मारायची माझी तयारी झाली होती. आयुष्यात कुणाला मारलं नाही मी.

“बसा ना भाऊ,” काकू म्हणाल्या.

“नको. उभा आहे तो बरा आहे.”

“गौरी, चहा ठेव वं.” मग मुलाकडे बघून म्हणाल्या, “सांगून दे ना बाप्पा त्यायले. त्यायच्यापाशी तेवढंच हाये.”

प्रशांतनं भिंतीकडे तोंड करून आकडा सांगितला. त्याला तो पाठ होता, कारण घाट लागण्याआधीच त्यानं पेट्रोल भरलं होतं, आणि राहुरकरनंच त्याला पेट्रोल भरताना आकडा लिहायची सवय लावली होती. राहुरकरनं वही दाराच्या चौकटीला टेकवून लिहिलं. पेनाचं टोपण लावलं. “आभारी आहे,” म्हणाला आणि गेला. चहा ठेवलेला तसाच राहिला.

ते सगळं होऊन गेलं आणि वर्षं गेली. काकूंनी पुढे गावी जायचा हट्ट धरला. प्रशांतनं वर्ध्याला तळमजल्यावर घर बांधून दिलं, आणि नंतर तो कंपनीकडून अमेरिकेला गेला. राहुरकरवहिनी एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेल्या. मी स्मशानात गेलो होतो, वहिनींसाठी. नंतर त्याच्या मुलानं फ्लॅट विकला आणि बापाला घेऊन वाकडला गेला. रविवारी सकाळी खाली कुणी दिसेनासं झालं. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला म्हणतात, तसा आम्ही खरंच सोडला.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी गाडीनं स्वारगेटहून घरी येत होतो. सिटी बसच्या एका थांब्यावर, सावली संपलेल्या बाजूला, तो उभा होता. खूप वाळला होता. शर्ट तोच असावा, आता दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी का थांबलो, हे मला अजून सांगता येत नाही. काच खाली केली. “बसा, राहुरकर.”

त्यानं मला ओळखायला थोडा वेळ घेतला. “सेक्रेटरी,” म्हणाला आणि बसला. पेन्शनच्या कामाला बँकेत आला होता, जुनं खातं अजून आमच्या भागातल्या शाखेतच होतं. सिटी प्राइड थिएटरचा चौक आला. माझ्या गाडीबद्दल काहीतरी बोलेल म्हणून मी कान देऊन होतो. इंजिनचा आवाज, एसीचा वास, काहीतरी. तो समोर बघत बसला होता, हात मांडीवर.

“ढोट्यांच्या आई,” तो मधेच म्हणाला. “कशा आहेत?”

“बऱ्या आहेत,” मी म्हणालो.

“चालतात?”

“घरात.”

त्यानं मान हलवली.

काकूंचा वर्ध्याहून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. माझ्या बायकोशी बोलतात, मग फोन माझ्याकडे मागतात, आणि दर वेळी विचारतात, “अन् ते वहीवाले भाऊ कसे हायेत? एकटेच असतीन आता. जात जा त्यायच्याकडे.” आदल्या आठवड्यातही विचारलं होतं. हे त्याला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. सिग्नलला गाडी थांबली होती, आत शांत होतं, आणि बँकेपर्यंत अजून बराच रस्ता होता. वाक्य तोंडाशी आलं होतं. मी ते आत ठेवलं. त्या माणसाला ते मिळू नये, असं मला वाटलं.

बँकेसमोर मी गाडी बाजूला घेतली. उतरायला त्याला वेळ लागला, एक हात दाराला, एक गुडघ्याला. “आभारी आहे,” म्हणाला. बँक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होती. तो दुभाजकाकडे तोंड करून उभा राहिला. गाड्या एकामागून एक येत होत्या, कुणी थांबत नव्हतं. एक पाऊल पुढे टाकायचा आणि मागे घ्यायचा. मी आरशात दोन-तीन वेळा बघितलं. मग गिअर टाकला आणि निघालो.